मूर्तिजापूर यार्डाची प्रतिकृती : प्रमाण, प्रकाश आणि काळ

लघुरूप रेल्वेचे छायाचित्र पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की हे दृश्य खरे की केलेले? क्षणभर खऱ्याचा भास होतो, आणि लगेच काहीतरी खटकते. काय खटकले ते पाहणाऱ्यास बहुधा सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात या खटकण्याची कारणे शोधावयाची आहेत. त्यांपैकी काही प्रकाशशास्त्राची आहेत आणि काही इतिहासाची. दोहोंचा विचार एकत्र करण्याचे कारण असे, की एकाच चित्रात दोन्ही चुका परस्परांना झाकतात.

महाराष्ट्रात अशा प्रतिकृतींचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे पुण्यातील कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय. ते १९९८ साली खुले झाले. तेथे १:८७ हे प्रमाण योजिले आहे. ते जगभर प्रचलित असल्याने पुढील सर्व गणित त्याच प्रमाणात केले आहे. दृश्य मात्र आपण वऱ्हाडातले घेऊ. मूर्तिजापूर हे त्यासाठी उत्तम स्थळ होय. १८६७ साली नागपुरास पोहोचलेला मुंबईचा रुंदमापी मार्ग अकोल्याहून बडनेऱ्याकडे जाताना येथून जातो, आणि येथेच अचलपूर व यवतमाळ या दोन दिशांना जाणारे अरुंदमापी मार्ग, म्हणजे लोकांची ‘शकुंतला’, त्याला मिळत. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले झेड-डी वर्गाचे वाफेचे एंजिन १९२३ पासून या मार्गावर राबले व १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल एंजिनाने घेतली. आता ती नियमित वाहतूकही बंद पडली आहे, आणि त्या यार्डाचे जे रूप अनेकांच्या डोळ्यांपुढे आहे ते उद्या प्रतिकृतीतच पाहावे लागेल. म्हणूनच ती प्रतिकृती व तिचे छायाचित्र यांच्याकडून केवळ शोभेपेक्षा अधिक अपेक्षा करणे रास्त ठरते.

रुळांच्या अंतराचा प्रश्न प्रथम उरकून घेऊ. रुंदमापी अंतर १,६७६ मि.मी.; १:८७ प्रमाणात ते १९.३ मि.मी. व्हावयास हवे. बाजारात मिळणारा रूळ १६.५ मि.मी.चा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेतील १,४३५ मि.मी. अंतरासाठी केलेला आहे. उलट अरुंदमापी ७६२ मि.मी.चे ८.८ मि.मी. होतात व ९ मि.मी.चा तयार रूळ त्यास जवळजवळ चपखल बसतो. परिणामी, प्रत्यक्षात एक अंतर दुसऱ्याच्या २.२ पट असताना प्रतिकृतीत ते १.८ पटच भरते. मूर्तिजापूरच्या यार्डाचे वैशिष्ट्यच ‘थोरली’ व ‘धाकटी’ गाडी शेजारी उभी राहण्यात असल्याने ही उणीव लहान नव्हे. बाजूने घेतलेल्या चित्रात ती लपते. रुळांच्या दिशेने घेतलेल्या चित्रात उघडी पडते. उपाय एकच, रुंदमापी रूळ हाताने बसविणे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. टेबलावर मांडलेली प्रतिकृती आपण सहज उभे राहून पाहतो, तेव्हा आपले डोळे तिच्या जमिनीपासून सुमारे ६० से.मी. उंच असतात. प्रमाणाने ही उंची ५२ मीटर झाली. मूर्तिजापुरात इतक्या उंचीवरून स्थानक न्याहाळणारा मनुष्य कोठे उभा राहणार? स्थानकात उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १.६ मीटरवर धरले, तर भिंग प्रतिकृतीच्या जमिनीपासून अवघ्या १८ मि.मी. वर आणले पाहिजे. भ्रमणध्वनीतील इवलासा कॅमेरा उलटा धरून रुळांलगत ठेवता येतो. मोठ्या कॅमेऱ्याला ते साधत नाही. बहुतेक प्रतिकृती ‘खेळण्यासारख्या’ दिसतात त्याचे निम्मे कारण ही उंचीच होय.

उरलेले निम्मे कारण स्पष्टतेच्या खोलीत आहे, आणि तेथे भौतिकी आपल्याशी तडजोड करीत नाही. ५० मि.मी. केंद्रांतराचे भिंग घेऊन, छिद्रांक ८ ठेवून, खऱ्या यार्डातील २६ मीटरवरच्या एंजिनावर नाभीयन केले, तर पस्तीस मि.मी. फिल्मवर साधारण साडेसात मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट उमटते. हाच देखावा १:८७ प्रमाणात ३० से.मी. अंतरावरून, त्याच भिंगाने व त्याच छिद्राने घेतला, तर स्पष्टतेची खोली अवघी १४ मि.मी. उरते; म्हणजे प्रमाणाने सव्वा मीटर. एंजिनाचे धुराडे स्पष्ट आणि पाठीमागचा मालधक्का धुक्यात, असे चित्र खऱ्या स्थानकाचे कधीच येत नाही. आपल्या नजरेस जे खटकते ते हेच. छिद्र लहान करीत छिद्रांक २२ वर नेला तर खोली ४ से.मी. होते, एवढ्यात धड एक डबाही मावत नाही. आणि तेथे दुसरीच अडचण उभी राहते. इतक्या जवळून त्या छिद्राचा परिणामी अंक २६ वर जातो, व विवर्तनामुळे प्रत्येक बिंदूचे वर्तुळ ०.०३५ मि.मी. व्यासाचे होते. स्पष्टतेसाठी आपण ०.०३ मि.मी. ही मर्यादा धरली होती. ती ओलांडली गेली. यापुढे छिद्र जितके लहान करावे तितके संपूर्ण चित्रच मऊ पडत जाते.

यामागील तत्त्व साधे आहे. एंजिन ८७ पट लहान केले, फलाट लहान केला, माणसे लहान केली. भिंगाचे छिद्रही ८७ पट लहान केले असते तर ते ०.०७ मि.मी.चे झाले असते आणि खोलीचा प्रश्न मिटला असता. पण प्रकाशाची तरंगलांबी कोणी लहान करू शकत नाही. यावर सध्याची तोड अशी, की छिद्रांक ८ ठेवून, नाभी टप्प्याटप्प्याने पुढून मागे सरकवीत अनेक चित्रे घ्यावयाची व त्यांतील स्पष्ट भाग संगणकाने जोडावयाचे. ३० ते ९० से.मी. इतक्या खोलीसाठी सुमारे वीस चित्रे पुरतात. प्रतिकृती स्थिर असल्याने हे शक्य होते. खऱ्या गाडीवरील धूर व झाडाची पाने इतका वेळ थांबली नसती.

प्रकाशाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. सूर्यबिंब आपल्या डोळ्यांशी अर्ध्या अंशाचा कोन करते. म्हणून उन्हातील सावलीची कड रेखीव असते. प्रतिकृतीवर १० से.मी. व्यासाचा दिवा एक मीटरवरून सोडला तर तो कोन साडेपाच अंशांहून अधिक होतो आणि सावल्या ढगाळ पडतात. २ से.मी. व्यासाचा दिवा २.३ मीटरवर ठेवला म्हणजे अर्धा अंश बरोबर साधतो. मात्र देखाव्याचे दुसरे टोक त्या दिव्यापासून एक मीटर अधिक लांब असेल तर तेथे उजेड निम्म्याहून कमी पोहोचतो, आणि एकाच यार्डात सकाळ व सायंकाळ नांदू लागतात. दिवा आणखी दूर न्यावा, व्यास त्या मानाने वाढवावा, व मंद उजेडाची भरपाई दीर्घ प्रकाशनाने करावी. दोन दिवे लावणे हा तर सर्वांत मोठा प्रमाद. दोन सावल्यांचा सिग्नल वऱ्हाडात कोणी पाहिलेला नाही.

तो दिवा किती उंच ठेवावयाचा, हे शेतकऱ्यास विचारावे. यार्डात कापसाच्या गाठी रचलेल्या असतील तर वेचणीनंतरचे, म्हणजे हिवाळ्याचे दिवस आहेत. मूर्तिजापूरचे अक्षांश सुमारे २०.७ उत्तर, डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे ४६ अंशांवर असतो व प्रत्येक वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब, उत्तरेकडे पडते. मेअखेरीस तोच सूर्य डोक्यावर येतो व सावली पायाखाली नाहीशी होते. गाठींचे ढीग आणि पायाखालची सावली एकाच चित्रात दिसली, तर त्या चित्रातील ऋतू खोटा आहे. टेबलावर उत्तर दिशा खडूने आखून मगच दिवा लावावा, हे इतके क्षुल्लक काम सहसा कोणी करीत नाही.

कालनिष्ठेची दुसरी बाजू कागदपत्रांची आहे. समजा, दृश्य डिसेंबर १९५५ चे ठरविले. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी स्थापन झाली असल्याने मालडब्यांवर तिची अक्षरे हवीत. पण जुनी ‘जी. आय. पी.’ची अक्षरे पुसट राहिलेला एखादा डबा असण्यास हरकत नाही, किंबहुना तो असल्याने दृश्य अधिक खरे वाटेल. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होते. ते मुंबई राज्यात आले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासूनची, तेव्हा चहाच्या टपरीवरील फलकावर आणेच असावेत. अंतरे मैलांत. अरुंदमापी गाडीस वाफेचेच एंजिन. ‘एलिचपूर’ की ‘अचलपूर’ हे त्या वर्षाच्या वेळापत्रकात पाहून लिहावे, अंदाजाने नव्हे.

जुन्या छायाचित्रांवरून रंग ठरविताना मात्र सावध राहिले पाहिजे. पूर्वीच्या काही फिल्मना तांबडा रंग जाणवतच नसे. त्यांवर सिग्नलचा तांबडा हात काळा उमटे. अशा चित्रावरून कोणी डबे काळे रंगविले, तर तो फिल्मचा दोष प्रतिकृतीत कायमचा उतरवून ठेवील.

द्रव्यांचेही प्रमाण असते, याचा विसर पडू नये. कापूस दाखविण्यासाठी खरा कापूस वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण अडीच से.मी. लांबीचा एक धागा १:८७ प्रमाणात दोन मीटरांहून लांब होतो, आणि बंडीवर कापसाऐवजी दोरखंड लादल्यासारखे दिसते. त्यापेक्षा खडूची बारीक पूड सरस. काळ्या मातीसाठी शेतातली मातीच घ्यावी, परंतु खलून व तलम कापडातून गाळून. अन्यथा तिचा एकेक कण वाटाण्याएवढा दिसतो.

इतके सारे साधले, की एक नवाच धोका निर्माण होतो. चित्र इतके खरे दिसू लागते, की वीस वर्षांनी ते एखाद्या प्रबंधात १९५५ चे अस्सल छायाचित्र म्हणून छापले जाईल, आणि त्यावरून यार्डातील रूळ किती होते हे कोणी मोजेल. म्हणून चित्राच्या कडेवरच, मागील बाजूस नव्हे, ‘प्रतिकृती’ हा शब्द, प्रमाण, दर्शित वर्ष, छायाचित्रणाचा दिनांक व जोडलेल्या चित्रांची संख्या लिहावी. त्याखाली प्रतिकृतीतील कोणता भाग मोजमापावरून, कोणता जुन्या चित्रावरून व कोणता केवळ तर्काने केला, याची एक ओळ असावी. मूर्तिजापूरच्या बाबतीत त्या ओळीतील पहिला भाग वाढवावयाचा असेल, तर फीत घेऊन तेथे जाण्यास अद्याप वेळ आहे.