कॉर्डलेस माइक ऐन प्रयोगात का तुटतो?

जुन्या ॲनालॉग कॉर्डलेस माइकचा सिग्नल कमी पडू लागला की आधी खरखर यायची. मिक्सरवर बसलेला माणूस ती ऐकून सावध व्हायचा. डिजिटल माइक अशी पूर्वसूचना देत नाही. रिसीव्हरला सिग्नल नीट वाचता येतो तोवर आवाज स्वच्छ असतो. वाचता आला नाही की आवाज एकदम तुटतो. नाट्यपद रंगात आलेलं असताना असा अर्धा सेकंदही शेवटच्या रांगेपर्यंत कळतो. त्यामुळे ‘आत्ता चालतंय’ एवढ्यावर समाधान मानून चालत नाही, सिग्नल गरजेपेक्षा बराच जास्त राखून ठेवावा लागतो. आणि तो संचाच्या किमतीपेक्षा मांडणीवर जास्त अवलंबून असतो, असं माझं ठाम मत आहे.

२.४ गिगाहर्ट्झची गर्दी

छोट्या नाट्यसंस्था, कीर्तनकार, ऑर्केस्ट्रातले गिटारवादक यांना परवडणारे बरेच डिजिटल संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा जगभर खुला आहे. भारतातही कमी शक्तीच्या उपकरणांना तो २००५ पासून परवान्याविना वापरता येतो. पण तिथेच वायफाय आहे, ब्लूटूथ आहे आणि नाट्यगृहाच्या कँटीनमधला मायक्रोवेव्हही आहे.

पट्टा मुळात अरुंद. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सगळा मिळून ८३.५. वायफायचं एक चॅनल त्यातले साधारण २० खातं. १, ६ आणि ११ या चॅनलवर तीन राउटर चालू असले की मोकळी जागा फारशी उरत नाही. एखाद्या राउटरवर ४० मेगाहर्ट्झची रुंदी लावलेली असेल, तर तो एकटाच जवळजवळ अर्धा पट्टा अडवतो.

ब्लूटूथचा त्रास त्यामानाने कमी, कारण ते सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतं. अनेक डिजिटल माइकही जागा बदलत अडथळा चुकवतात. या तंत्राच्या एका जुन्या पेटंटमागे एक संगीतकार होता, हे मला फार आवडतं: अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ते अमेरिकेत १९४२ साली मिळालं. पाणतीरांच्या नियंत्रणासाठी केलेल्या त्या योजनेत फ्रिक्वेन्सी होत्या ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच. मात्र जागा बदलायची तर मोकळी जागा शिल्लक असावी लागते.

रिकामं सभागृह फसवतं

दुपारच्या साउंड चेकला सगळं सुरळीत असतं. संध्याकाळी प्रेक्षक येतात, आणि त्यांच्याबरोबर शेकडो फोन, हॉटस्पॉट, ब्लूटूथची घड्याळं. शिवाय माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असल्याने २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते चांगल्याच शोषून घेतं. मिक्सर शेवटच्या रांगेमागे आणि रिसीव्हरही त्याच टेबलावर असेल, तर मधले सगळे प्रेक्षक सिग्नलच्या वाटेत बसलेले असतात.

रिसीव्हर विंगेत ठेवा

एवढा एकच बदल केलात तरी निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतील. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाई होते. कलाकारापासून २४ मीटरवरचा रिसीव्हर ६ मीटरवर आणला, तर त्याला १६ पट शक्ती मिळते. प्रेक्षकांतल्या फोनपासूनही तो लांब जातो. विंगेतून मिक्सरपर्यंत आवाज एक्सएलआर केबलने न्यावा. माइकचा आवाज वायरीतून लांब जाऊ शकतो, त्याची काळजी नको.

रिसीव्हर खाली ठेवू नका, लोखंडी रॅकच्या आतही नको. डोक्याच्या उंचीवर, कलाकार थेट दिसेल असा ठेवा. राउटर आणि एलईडी वॉल यांच्यापासून किमान तीन मीटर दूर. कलाकार अँटेनाला अगदी खेटून उभा राहिला तरी रिसीव्हर गोंधळतो. दोन-तीन मीटरचं अंतर बरं.

राउटरचं काय करायचं?

व्यवस्थापकांना आधीच भेटा. सभागृहाचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्यायला सांगा. तसं जमत नसेल तर सगळे राउटर चॅनल १ वर, २० मेगाहर्ट्झ रुंदीवर पक्के करून घ्या. २४२२ च्या वरची जागा बरीचशी मोकळी होते.

अंगावरचा ट्रान्समीटर

बॉडीपॅक ज्या विंगेत रिसीव्हर आहे त्या बाजूच्या कमरेला लावा. अँटेना दुमडू नका, घामट त्वचेला चिकटू देऊ नका. नऊवारीच्या घट्ट ओच्यात किंवा धातूच्या कमरपट्ट्याखाली पॅक गेला की सिग्नल पडतो. वेशभूषा करणाऱ्या ताईंशी याबद्दल तालमीतच बोलून घ्यावं. कलाकाराच्या खिशातला मोबाइल मेकअप रूममध्येच राहू द्या.

पाचाहून जास्त माइक असतील तर

मग २.४ चा नाद सोडून यूएचएफकडे वळा. तिथे वेगळी अडचण येते. दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून भलत्याच फ्रिक्वेन्सी तयार होतात. ५२०.० आणि ५२०.८ मेगाहर्ट्झचे माइक एकत्र आले तर ५१९.२ आणि ५२१.६ वर उपद्रव होतो. म्हणजे तिसरा माइक सारखं अंतर राखून ५२१.६ वर लावला, तर तो नेमका त्यातच सापडतो. काही डिजिटल संचांत हा दोष कमी असतो. तरीही कंपनीने दिलेला एकच ग्रुप सगळ्या माइकना लावावा, मनाने आकडे भरू नयेत.

परदेशातून जुना संच येत असेल तर आकडा आधी वाचा. ७०३ ते ८०३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात आता मोबाइल सेवा चालते. यूएचएफ संच घेण्यापूर्वी परवान्याचे नियमही दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

पडदा उघडण्याआधी

आपले ट्रान्समीटर बंद आणि बाकी सगळं चालू, म्हणजे दिवे, एलईडी वॉल, राउटर, कँटीनसुद्धा. या स्थितीत रिसीव्हरवर स्कॅन करा. पहिला माइक चालू करा, तो तसाच ठेवून दुसऱ्यासाठी स्कॅन करा, आणि असंच पुढे. सगळे लागले की एकेक ट्रान्समीटर बंद करून पाहा. बंद केल्यावरही त्याच्या रिसीव्हरवर सिग्नलची पट्टी दिसत असेल, तर तिथे दुसरंच कुणी आहे. ती जागा सोडा.

मग कलाकाराला बोलत बोलत सगळ्या रंगमंचावर फिरवा. बॉडीपॅकसमोर माणूस उभा करा, पॅकवर तळहात ठेवा. तरीही आवाज टिकला तर भरल्या सभागृहातही टिकण्याची आशा आहे. मध्यंतरात बॅटऱ्या पाहा. आणि एक वायरचा माइक मिक्सरला जोडून, चालू करून विंगेत ठेवाच.