मतविभागणीचा दोष एकट्या बौद्धांवर का?

२०२४ च्या लोकसभा निकालानंतर अकोल्यात बौद्ध तरुणांना एकच टोमणा ऐकावा लागतो: "तुमच्यामुळे भाजप आला." रागावण्याआधी आपण आकडे पाहू.

अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे यांना सुमारे ४.५७ लाख, काँग्रेसचे डॉ. अभय पाटील यांना ४.१६ लाख आणि ॲड. प्रकाश आंबेडकर यांना २.७७ लाख मते मिळाली. विरोधी मतांची बेरीज जास्त होते, हे खरे. पण २०१९ मध्ये काँग्रेसचे हिदायत पटेल आणि बाळासाहेब या दोघांची मते मिळून ५.३३ लाख होती. संजय धोत्रे यांची एकट्याची ५.५४ लाख. हिंदू-मुस्लिम ध्रुवीकरण झाले की नुसती बेरीज कामी येत नाही. मे २०२३ ची अकोल्यातील दंगल आपण विसरलेलो नाही.

शेजारच्या राखीव अमरावतीत २०२४ मध्ये हनुमान चालिसाच्या आंदोलनामुळे गाजलेल्या नवनीत राणा यांना काँग्रेसच्या बळवंत वानखडे यांनी १९,७३१ मतांनी हरवले.

१९९८ आठवा. हे दोन्ही मतदारसंघ तेव्हा खुले होते. रिपब्लिकन पक्ष आणि काँग्रेस एकत्र लढले. अकोल्यातून बाळासाहेब, अमरावतीतून रा. सू. गवई लोकसभेत गेले. म्हणजे इतर समाजांची मतेही आपल्या उमेदवाराला मिळाली होती.

युती दोन्ही बाजूंनी पाळावी लागते. म्हणून टोमणा मारणाऱ्याला आपण शांतपणे विचारू: आमची मते तुम्हाला हवीत, तुमची मते आमच्या उमेदवाराला मिळतील का? आणि हाच प्रश्न आपल्या नेत्यांनाही, जागावाटप होण्याआधी.