विमानास शोभेल तेवढेच इंजिन

कमठाणा व त्याच्या पंचक्रोशीतील मुलांस विमान ही परकी वस्तू राहिलेली नाही. बीदरचा हवाई दलाचा तळ जवळच असल्यामुळे तुरीच्या शेतात काम करणाऱ्या माणसाचीही मान दिवसातून दोन-चार वेळा वर जातेच. याच तळावर १९९६ साली 'सूर्यकिरण' हे कसरती विमानांचे पथक स्थापन झाले. २०११ साली त्याचे काम थांबले आणि २०१५ साली नव्या हॉक विमानांसह ते पुन्हा उभे राहिले. आकाशात नऊ विमाने एका दोरीत ओवल्यासारखी वळताना जी मुले पाहतात, त्यांच्यापैकी एखाद्यास आपणही लहानसे विमान बनवावे असे वाटले, तर त्यात नवल ते काय? शाळा-कॉलेजांतील एन.सी.सी.च्या हवाई शाखेत मॉडेल विमाने बनविण्याचे शिक्षण मिळते, त्यामुळे ही हौस आता खेड्यापर्यंत पोहोचली आहे.

या हौसेपायी काही पालकांनी आम्हांस एक प्रश्न विचारला. मुलाने जुन्या आराखड्यावरून, रेडिओच्या साह्याने जमिनीवरून चालविण्याचे कसरती विमान बांधावयास घेतले आहे. लाकूडकाम होत आले. आता इंजिन कोणते घ्यावे? मुलगा म्हणतो, सर्वांत मोठे घ्या. पैसे मात्र बापाच्या खिशातून जावयाचे असतात आणि बोटे मुलाची धोक्यात असतात. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम ही जुनी विमाने म्हणजे काय ते पाहू. रेडिओवर चालणाऱ्या कसरती मॉडेल विमानांची जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये झाली. तीत अमेरिकेचे एड काझमिर्स्की हे आपल्या 'ओरायन' विमानासह पहिले आले. १९६७ साली कॉर्सिका बेटावर झालेल्या स्पर्धेत फिल क्राफ्ट यांनी 'क्विक-फ्लाय' या विमानाने अजिंक्यपद मिळविले. या व अशा विमानांचे आराखडे आजही हौशी मंडळी जपून ठेवतात आणि हलक्या बाल्सा लाकडातून ती विमाने पुन्हा घडवितात. त्या काळी स्पर्धेतील इंजिनावर दहा घनसेंटिमीटरची, म्हणजे बोलीभाषेत दहा सी.सी.ची मर्यादा होती. त्या मर्यादेतील इंजिनाचा जोर जेमतेम एक अश्वशक्ती किंवा त्याहून थोडा अधिक असे. लाकडाची जाडी, पंखांचा आकार, नाकाची लांबी हे सारे त्या जोराच्या आणि त्या वजनाच्या अंदाजाने ठरविलेले होते.

येथेच आजच्या खरेदीदाराची फसगत होते. पुढील काळात इंजिने सुधारली. ताजा वायू सिलिंडरात वळवून घेण्याची जर्मन अभियंता श्न्युर्ले यांची पद्धत या छोट्या इंजिनांतही रूढ झाली. पितळी नळीवर क्रोमचा मुलामा देऊन तीत ॲल्युमिनियमचा दट्ट्या बसविण्यात येऊ लागला. परिणामी आजचे दहा सी.सी.चे चांगले इंजिन त्या काळच्या इंजिनाच्या दीडपट, क्वचित दुप्पट जोर देते. आकडा तोच, परंतु ताकद तीच नव्हे. आराखड्यावर 'दहा सी.सी.' असे लिहिलेले पाहून जो आजचे दहा सी.सी. घेतो, त्यास गरजेपेक्षा अधिक जोर आपोआपच मिळतो. मग पंधरा सी.सी. घेणाऱ्याविषयी काय बोलावे? असे विमान सूर मारू लागले की मागील फळ्या थरथरतात, बिजागऱ्या ढिल्या होतात आणि कधी पंखच मोडतो. शिवाय नाक जड झाले म्हणून तोल साधण्यास शेपटीत शिसे भरावे लागते. दोन्ही टोकांस ओझे वाढलेले विमान कसरत कसली करणार!

पवित्र शास्त्रात शौल राजाने आपले चिलखत दाविदाच्या अंगावर चढविले, तो प्रसंग वाचकांस ठाऊक आहेच. चिलखत उत्तम होते, राजाचे होते. परंतु ते घालून दाविदास चालता येईना. त्याने ते उतरविले व आपल्या सवयीची गोफण घेतली. इंजिन निवडताना हा प्रसंग ध्यानी धरावा.

जोर अधिक झाला की बिघडते आणि कमी पडला की काहीच होत नाही असेही नाही. प्रश्न जोडीचा आहे. आपल्या देशातच याची दोन मोठी उदाहरणे आहेत. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या देखरेखीखाली बंगळूरच्या हिंदुस्तान कारखान्यात 'मारुत' हे लढाऊ विमान तयार झाले व १९६१ साली प्रथम उडाले. त्याचा घाट वेगास साजेसा होता. परंतु ज्या जोरदार इंजिनाच्या भरवशावर ते आखले, ते इंजिन कधी मिळालेच नाही. कमी जोराच्या ऑर्फियस इंजिनांवर भागवावे लागले आणि विमान अपेक्षित वेगास पोहोचले नाही. याउलट 'किरण' हे शिकाऊ वैमानिकांचे विमान. पहिल्या किरणात सुमारे अडीच हजार पौंड जोराचे वायपर इंजिन होते. पुढे किरण मार्क दोनमध्ये सुमारे बेचाळीसशे पौंड जोराचे ऑर्फियस बसविले आणि हेच विमान सूर्यकिरण पथकाने वर्षानुवर्षे वापरले. एकाच घराण्याचे इंजिन एका सांगाड्यास अपुरे पडले आणि दुसऱ्यास शोभले.

आता पर्याय पाहू. पहिला पर्याय त्याच काळातील जुने टू-स्ट्रोक इंजिन मिळविण्याचा. विमानाच्या वयास ते शोभते. परंतु सुटे भाग मिळणे कठीण, हे आधीच समजून असावे. दुसरा पर्याय आजचे साधे टू-स्ट्रोक इंजिन, तेही एक पायरी लहान, म्हणजे साडेसात ते आठ सी.सी.चे. जुन्या दहा सी.सी.चे काम ते सहज करते व वजनासही हलके असते. तिसरा पर्याय फोर-स्ट्रोकचा. जपानच्या ओ.एस. कंपनीने १९७६ साली मॉडेलसाठी असे इंजिन बाजारात आणले. राजदूत व बुलेट या मोटारसायकलींच्या आवाजातील फरक ज्यांच्या कानी आहे, त्यांस या दोहोंतील भेद सांगावयास नको. फोर-स्ट्रोक मोठा पंखा सावकाश फिरविते, चढावर नेटाने ओढते व कानास गोड लागते. मात्र ते महाग असते आणि त्याच्या झडपांची निगा राखावी लागते. चौथा पर्याय विजेच्या मोटारीचा. तीत तेल नाही, धूर नाही. शिकाऊ मुलास तीच सर्वांत सोयीची, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि जुन्या विमानाची मौज ज्यास हवी, त्यास आमची शिफारस दुसऱ्या पर्यायाची आहे.

आपल्या प्रदेशाचे दोन विशेष येथे सांगितले पाहिजेत. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरांहून उंच आहे. हवा विरळ असल्यामुळे येथे इंजिनाचा जोर सहा-सात टक्क्यांनी घटतो आणि वैशाखाच्या उन्हात आणखी थोडा. म्हणून पुस्तकातील आकड्यावर विसंबून न राहता कार्ब्युरेटरची सुई येथील हवेत लावून घ्यावी. दुसरा विशेष म्हणजे आपली तांबडी माती. तिची धूळ इंजिनात शिरली की आतील भाग घासून निघतात. इंजिन सुरू करताना खाली फळी किंवा जाड सतरंजी अंथरावी.

इंधनाची टाकीही इंजिनाइतकीच महत्त्वाची. विमान उलटे झाले तरी इंधन सारखे मिळावे, यासाठी टाकीचा मध्य कार्ब्युरेटरच्या सुईच्या पातळीत असावा. तसे नसेल तर सरळ उडताना उत्तम चालणारे इंजिन उलटे होताच गुदमरते, आणि दोष मात्र इंजिनावर येतो.

जुने इंजिन विकत घेणारांनी प्लग काढून ते हाताने फिरवून पाहावे. खरखर लागली तर बेअरिंग गंजले आहे असे समजावे. प्लग पुन्हा बसवून फिरविल्यावर दाब लागला नाही तर घेऊ नये. पुष्कळ वेळा इंजिन अगदी अडकलेले असते. त्याचे कारण वाळलेले एरंडेल! या इंधनात एरंडेल तेल मिसळतात, कारण अतिउष्णतेतही ते आतील भागांस जपते. परंतु वाळले की ते डिंकासारखे होते. पकडीने जोर करू नये. इंजिन हलके गरम करावे म्हणजे ते सुटते. उड्डाण संपल्यावर टाकीतील उरलेले इंधन इंजिनास जाळू द्यावे व आत चार थेंब तेल सोडावे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. या इंधनाचा मुख्य भाग मिथेनॉल असतो. विषारी दारूने माणसे आंधळी झाल्याच्या व दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या बहुधा याच द्रव्याच्या असतात. म्हणूनच त्याच्या विक्रीवर सरकारी निर्बंध आहेत. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कदापि ठेवू नये. वेगळ्या डब्यात, नाव लिहून, कुलपात ठेवावे. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, म्हणून आगीचा धोका दुप्पट. फिरणारा पंखा बोट तोडू शकतो. सुई लावताना नेहमी पंख्याच्या मागे उभे राहावे आणि लहान भावंडांस दूर ठेवावे.

शेवटची गोष्ट जागेची. आपल्या आकाशात खरे वैमानिक शिकत असतात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळांच्या भोवती ठरावीक अंतरापर्यंत उड्डाणास मनाई किंवा परवानगीची अट आहे. सरकारी नकाशावर आपले शेत कोणत्या क्षेत्रात येते ते पाहिल्यावाचून व आवश्यक ती परवानगी घेतल्यावाचून विमान उडवू नये. मैदान मिळत नसेल तर इंजिन खरेदी करण्यापूर्वीच ते कळलेले बरे.

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने शिकविले. तोच हिशेब पिता-पुत्रांनी एकत्र बसून करावा: विमानाचे वजन किती, आराखड्यात इंजिन कोणते, आज त्या जोराचे कोणते मिळते, इंधनाचा खर्च किती, उडविणार कोठे. एवढे कागदावर उतरले की निवड अवघड राहत नाही, आणि बापलेकांस एकमेकांचे म्हणणेही समजते. १९२० साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी लोरेटोच्या मातेस वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. तिचा सण १० डिसेंबरला येतो. त्या सुमारास आपल्याकडे ऊन सौम्य असते. पहिल्या उड्डाणासाठी तो दिवस ठरविण्यास हरकत नाही. तोवर इंजिन जमिनीवरच सावकाश चालवून मुरवून घ्यावे.