मोबाईलमधून पुसलेली बिले व फोटो : परत काय मिळते, काय मिळत नाही

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंची हिशेबाची वही आता खिशात आली आहे. उधारीच्या चिठ्ठीचा फोटो, घाऊक व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर धाडलेले बिल, जरदोजीचा नमुना, गिऱ्हाइकाच्या मापांचा कागद, सारे मोबाईलमध्येच असते. जागा भरली म्हणून साफसफाई करायला बसावे आणि शुभेच्छांच्या चित्रांबरोबर तीन महिन्यांची उधारीही पुसली जावी, असे हल्ली फार होते. मग माणूस घाबरून बाजारात धावतो. आमचे सांगणे एवढेच की, दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी फोनमध्येच नीट पाहावे. तेथे पैसा लागत नाही.

हल्लीच्या फोनमध्ये पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. तो आधी ट्रॅश किंवा बिन नावाच्या कप्प्यात जातो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तेथे ६० दिवस राहतो. बॅकअप नसेल तर अँड्रॉइड ११ व त्यापुढील फोनवर ३० दिवस. आयफोनमध्ये ‘रिसेंटली डिलीटेड’ या नावाखाली ३० दिवसांची मुदत असते. गुगल ड्राइव्हमधील कागद आणि गुगल खात्यात साठवलेले फोन नंबर यांनाही ३० दिवसच मिळतात. त्या कप्प्यातील फोटोवर बोट दाबून ठेवावे व ‘रिस्टोअर’ म्हणावे, तो पूर्वीच्या जागी येतो. मात्र पुष्कळ लोक जागा मिळवण्याच्या घाईत हा कप्पाही रिकामा करतात. तसे केल्यास मुदतीचा काही उपयोग राहत नाही.

व्हॉट्सॲपची गोष्ट वेगळी आहे. येथे पहिला उपाय यंत्रात नाही, माणसात आहे. बिलाला दोन बाजू असतात. आपल्याकडचे पुसले तरी धाडणाऱ्याच्या फोनमध्ये ते बहुधा असतेच. संकोच न करता त्याच्याकडून पुन्हा मागवावे. जीएसटी नोंदणी असलेल्यांना हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, तेव्हा येथे भीड कामाची नाही. संपूर्ण चॅटच गेली असेल तर बॅकअप पाहावा. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप रोज पहाटे २ च्या सुमारास फोनमध्येच एक प्रत ठेवते व मागील काही दिवसांच्या प्रती सांभाळते. गुगल खात्यातील बॅकअप चालू असेल तर तेथे मात्र नव्या प्रतीने जुनी प्रत जाते. म्हणून चॅट पुसल्याचे ध्यानात येताच, पुढचा बॅकअप होण्याआधी हालचाल करावी. व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकल्यावर ते जुनी प्रत घेऊ का, असे विचारते. पण त्या प्रतीनंतर आलेले संदेश मिळणार नाहीत, तेव्हा आजच्या ऑर्डरी आधी कागदावर उतरवून घ्याव्यात.

आता मुदत टळली, कप्पाही रिकामा झाला, तर? पूर्वी अशा वेळी माल निघत असे. याचे कारण असे की, पुसताना खतावणीतील पान फाडले जात नव्हते, फक्त अनुक्रमणिकेतील ओळ खोडली जात होती. जाणकाराला पान शोधता येई. आता तसे नाही. फोन आपल्या मेमरीला कोणती जागा रिकामी झाली ते कळवतो आणि मेमरी ती जागा खरोखरच साफ करून टाकते. शिवाय २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये सर्व माहिती कुलूपबंद ठेवणे बंधनकारक झाले. फाइल गेली की तिची किल्लीही जाते. फॅक्टरी रीसेट केल्यावर तर किल्ल्यांचा जुडगाच नष्ट होतो.

म्हणून ‘काहीही परत आणतो’ म्हणणाऱ्या ॲपवर आमचा विश्वास नाही. अशी ॲप्स बहुधा गॅलरीने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली बारीक चित्रे शोधून दाखवतात व पैसे घेऊन तीच देतात. त्यावर बिलाचा आकडा वाचता येत नाही. उलट सगळ्या फाइली पाहण्याची परवानगी मात्र ती मागून घेतात. ज्या फोनवर यूपीआय चालते आणि घरच्या बायकामुलांचे फोटो आहेत, तो पासवर्डसह अनोळखी माणसाच्या हाती देणेही तितकेच धोक्याचे. या भानगडीत खात्यातून पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर तक्रार करावी.

एक अपवाद आहे, तो म्हणजे बाहेरून घातलेले मेमरी कार्ड. ते बहुधा कुलूपबंद नसते व तेथे जुना नियम अजून पुष्कळसा चालतो. फोटो पुसल्याचे लक्षात येताच कार्ड काढून ठेवावे, कारण त्यावर पडणारा प्रत्येक नवा फोटो जुन्याची जागा खातो. कार्ड रीडरने ते संगणकाला जोडावे. फोटोरेक नावाचा प्रोग्राम मोफत आहे, त्याने शोध घ्यावा आणि निघालेला माल कार्डावर नव्हे, संगणकावर उतरवावा. फायलींची मूळ नावे त्यात परत येत नाहीत, नुसते आकडे येतात. शेकडो चित्रांतून आपली उधारीची चिठ्ठी वेचायला एखादी संध्याकाळ बसावे लागते.