फेन्रिस ग्रहावरील महाकाय लांडगे

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट ऐकल्याखेरीज आपल्याकडे बहुधा कोणी लहानाचा मोठा होत नाहीं. आज ज्या लांडग्यांविषयीं मी बोलणार आहें, ते मात्र कोणत्याही गांवावर येण्याची भीति नाहीं, कारण ते या पृथ्वीवरचे नाहींत.

‘वॉरहॅमर ४०,०००’ या नांवाचा एक खेळ इंग्लंडांत १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. रंगविलेल्या चिमुकल्या सैनिकांच्या मूर्ति मेजावर मांडून आणि फांसे टाकून तो खेळतात. या खेळाभोंवतीं पुढें कथाकादंबऱ्यांचें एक अफाट विश्व उभें राहिलें. त्या विश्वांत फेन्रिस नांवाचा एक हिमाच्छादित ग्रह आहे. त्याचा बहुतेक पृष्ठभाग समुद्रानें व्यापलेला असून असाहाइम नांवाचा एकच भूखंड काय तो स्थिर आहे. बाकीचीं बेटें वर येतात आणि पुन्हा बुडतात. या ग्रहावरचे लांडगे हाच त्याचा खरा लौकिक. त्यांतील सर्वांत मोठ्यांना ‘थंडरवुल्फ’, म्हणजे मेघगर्जनेचे लांडगे, म्हणतात. ते घोड्याएवढे, क्वचित् त्याहूनही थोर असतात, आणि चिलखती योद्धे त्यांच्या पाठीवर बसून लढाईस जातात.

कवीच्या कल्पनेला निसर्गाचे नियम लागू करूं नयेत, असें कोणी म्हणेल. परंतु असा प्राणी निसर्गाच्या जमाखर्चांत कितपत बसतो, हें पाहणें मोठें उद्बोधक आहे. तो हिशेब मांडतां मांडतां ‘लांडगा म्हणजे काय?’ हा प्रश्न आपोआप पुढें येतो. आणि त्या प्रश्नाचें चुकीचें उत्तर एका खऱ्या प्राण्याला फार महाग पडलेलें आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. फेन्रिस हें नांव उत्तर युरोपांतील प्राचीन नॉर्स पुराणांतून आलें आहे. आइसलंडमधील स्नॉरी स्टुर्लुसन या पंडितानें तेराव्या शतकांत त्या पुराणकथा लिहून ठेवल्या. त्यांत फेन्रिर नांवाचा एक लांडगा आहे. लोकी आणि अंगरबोडा नांवाची राक्षसी यांचा हा पुत्र. देवांनीं त्याला आपल्याजवळ वाढविलें. पण तो दिवसेंदिवस इतका वाढूं लागला कीं, देवांनाच त्याची धास्ती पडली. दोन जाड सांखळदंड त्यानें तोडून टाकले. तेव्हां देवांनीं बुटक्या कारागिरांकडून रेशमी फितीसारखी मऊ अशी एक दोरी करवून घेतली. ती मांजराच्या पावलांचा आवाज, स्त्रीची दाढी, पर्वताचीं मुळें, अस्वलाचे स्नायु, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी या सहा वस्तूंची बनविलेली होती. त्या दोरीनें लांडगा जखडला गेला. मात्र विश्वासाची खूण म्हणून त्याच्या जबड्यांत हात ठेवणाऱ्या टीर देवाचा तो हात गेला. निसर्गापाशींही अशीच एक मऊ व न दिसणारी दोरी आहे. तिचा उलगडा पुढें होईल.

आतां ग्रहाकडे वळूं. आपल्या पृथ्वीवर ऋतु होतात ते तिच्या आंसाच्या कलण्यामुळें. सूर्यापासूनचें तिचें अंतर वर्षभरांत फारसें बदलत नाहीं. फेन्रिसची कक्षा मात्र अतिशय लांबट कल्पिलेली आहे. त्यामुळें तो आपल्या सूर्यापासून दूर गेला म्हणजे सर्वत्र बर्फ होतें, आणि जवळ आला म्हणजे अग्नीचा ऋतु येऊन समुद्र उकळूं लागतात. हिंवाळा दीर्घ आणि उन्हाळा अल्प, ही गोष्ट येथें अगदीं शास्त्रशुद्ध आहे. केप्लर या ज्योतिर्विदानें १६०९ सालीं दाखवून दिलें कीं, ग्रह सूर्याजवळ असतां वेगानें धांवतो आणि दूर असतां रेंगाळतो. म्हणून लांबट कक्षेच्या ग्रहाचें बहुतेक आयुष्य थंडींतच जावयाचें. असे ग्रह आकाशांत खरोखरीच आहेत. आपल्यापासून सुमारें दोनशें प्रकाशवर्षांवरील ‘एचडी ८०६०६ बी’ हा ग्रह २००१ सालीं सांपडला. त्याची कक्षा इतकी लांबट आहे कीं, ताऱ्याजवळून जातांना अवघ्या सहा तासांत त्याचें तपमान सुमारें ५०० अंश सेल्सिअसवरून सुमारें १,२०० अंशांवर चढल्याचें स्पिट्झर या अवकाशांतील दुर्बिणीनें नोंदविलें. तो ग्रह वायूचा गोळा असल्यामुळें तेथें लांडगे असणें शक्य नाहीं; पण कादंबरीकारांचें ऋतुमान अशक्य नाहीं, एवढें त्यावरून कळतें.

अशा थंडींत प्राणी थोर असावा, हेंही बरोबरच आहे. जर्मन शास्त्रज्ञ बर्गमन यानें १८४७ सालीं असा नियम सांगितला कीं, एकाच प्रकारच्या उष्णरक्ताच्या प्राण्यांत थंड प्रदेशांतले प्राणी सामान्यतः मोठे असतात. याचें कारण सोपें आहे. प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर त्याची कातडी चौपट होते, परंतु आंतील मांस आठपट होतें. ऊब निर्माण होते मांसांत आणि निसटते कातडींतून. म्हणून मोठें शरीर ऊब अधिक काळ धरून ठेवतें. हंडाभर पाण्यापेक्षां पेलाभर पाणी लौकर निवतें, त्यांतलाच हा प्रकार. आपल्या दख्खनच्या माळरानांतला लांडगा साधारण वीस किलोग्रॅमचा असतो. अलास्का व उत्तर कॅनडा येथील त्याचाच भाऊबंद चाळीस-पन्नास किलोग्रॅमपर्यंत भरतो. ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८७७ सालीं या नियमाला अशी जोड दिली कीं, थंड देशांतल्या प्राण्यांचे कान, पाय व शेपटी आंखूड असतात. पायांची व्यवस्था तर अधिकच चतुराईची आहे. लांडग्याच्या पायांत खालीं जाणारें गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला वाटेंतच आपली उष्णता देऊन टाकतें. त्यामुळें त्याचे तळवे बर्फावर जेमतेम न गोठण्याइतके गार राहतात आणि शरीराची ऊब बर्फांत वायां जात नाहीं.

आतां खर्चाची बाजू. पंचेचाळीस किलोग्रॅमचा लांडगा सर्व बाजूंनीं दुप्पट केला, म्हणजे तो खांद्यापाशीं घोड्याएवढा उंच होईल आणि वजनानें ३६० किलोग्रॅम भरेल. हाडांची जाडी मात्र चौपट क्षेत्राचीच राहिली, तर तीं आठपट भार पेलणार नाहींत. ही अडचण गॅलिलिओनें १६३८ सालींच दाखविली होती. तेव्हां असल्या लांडग्याचीं हाडें प्रमाणाबाहेर जाड असलीं पाहिजेत, आणि आपल्या लांडग्याची ती सडपातळ, न थकणारी दौड त्याला साधणार नाहीं. त्याची भूक तरी किती? क्लायबर या शास्त्रज्ञानें १९३२ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें पाहिलें, तर वजन आठपट झालें म्हणजे अन्नाची गरज पांचपटींहून थोडी कमी होते. एका प्राण्यापुरता हा सौदा किफायतशीर दिसतो.

परंतु लांडगा एकटा राहत नाहीं. कार्बोन आणि गिटलमन या दोन संशोधकांनीं २००२ सालीं अनेक मांसाहारी प्राण्यांचा हिशेब मांडला. त्यांना असें आढळलें कीं, दहा हजार किलोग्रॅम वजनाचे भक्ष्य प्राणी जेथें चरत असतील, तेथें सुमारें नव्वद किलोग्रॅम वजनाचे भक्षक टिकाव धरतात. हें प्रमाण आपल्या महाकाय लांडग्यांना लावून पाहा. दहांच्या एका कळपाचें वजन ३,६०० किलोग्रॅम. त्याला चार लक्ष किलोग्रॅम भक्ष्य हवें, म्हणजे प्रत्येकीं चारशें किलोग्रॅमचीं एक हजार मूस हरणें. तीं सुद्धां एकाच कळपासाठीं! आणि ज्या भूमीवर वर्षाचा बहुतेक काळ गवताची काडी उगवत नाहीं, तेथें हजार हरणें काय खाऊन जगणार? फेन्रिरला बांधणारी ती मऊ दोरी म्हणजे ही भूक होय.

या दोरींतून सुटण्याचा एक मार्ग आपल्या पृथ्वीनें दाखविलेला आहे. ध्रुवीय अस्वलाचा नर चारशें-पांचशें किलोग्रॅमचा असूं शकतो, आणि तो ओसाड बर्फावर राहतो. त्याला जमीन पोसत नाहीं, समुद्र पोसतो. बर्फाखालच्या पाण्यांत सूक्ष्म वनस्पति वाढतात, त्या लहान जीव खातात, त्यांना मासे, माशांना सील, आणि सीलला अस्वल. फेन्रिसच्या समुद्रांतही प्रचंड जलचर कल्पिलेले आहेत. तेव्हां तेथील लांडगा पोसला जात असेल, तर किनाऱ्यावर आणि समुद्राच्या जोरावरच, असें मानावें लागतें. पण ध्रुवीय अस्वल बहुधा एकटें हिंडतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बर्फाच्या राज्यांत निसर्गानें एक महाकाय शिकारी पोसला, तो एकांतवासाच्या अटीवर. फेन्रिसच्या लांडग्यांत अशक्यप्राय असेल तर त्यांचा आकार नव्हे, त्यांचा कळप होय.

आणखी एक संकट उरतें तें उन्हाळ्याचें. जें शरीर ऊब सोडीत नाहीं, तें उन्हाळ्यांतही ती सोडणार नाहीं. हिंवाळ्यांत तारणारे तेच आंखूड कान आणि तीच दाट लोंकर अग्नीच्या ऋतूंत त्याच्या जिवावर उठतील. लोंकर झाडून टाकणें आणि पर्वतशिखरांचा आश्रय करणें, एवढेच उपाय त्याच्या हातीं राहतात.

येथवर आकाराचा विचार झाला. आतां असा प्राणी निपजलाच, तर त्याला लांडगा म्हणावें काय? लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतकरून एक कुटुंब असतें. आईबाप आणि त्यांचीं एकदोन वर्षांचीं पिलें मिळून शिकार करतात आणि धाकट्यांना भरवितात. दुसऱ्या ग्रहावरील जीवाचें आपल्या लांडग्याशीं रक्ताचें नातें तर असणारच नाहीं. त्यांतून कळपही गेला, तर लांडगेपण उरलें कोठें? कथाकारांनाही हा प्रश्न सुचला असावा. या विश्वावरील कादंबऱ्यांत अशी सूचना आहे कीं, फेन्रिसवर खरे लांडगे कधींच नव्हते. तेथें प्रथम वसाहत करणाऱ्या माणसांनीं थंडींत तग धरावा म्हणून आपल्या देहांत श्वानकुळाचें बीज मिसळून घेतलें, आणि आजचे लांडगे हे त्यांचेच वंशज होत.

रूपावरून नातें ठरवूं नये, हा धडा खऱ्या शास्त्रानेंही शिकविला आहे. अमेरिकेंत पूर्वीं ‘डायर वुल्फ’ नांवाचा साठसत्तर किलोग्रॅमचा प्राणी होता. लॉस एंजलिस शहरांतील डांबराच्या डोहांतून त्याच्या चार हजारांहून अधिक प्राण्यांचे अवशेष निघाले आहेत. मोठीं जनावरें नाहींशीं झालीं तेव्हां, सुमारें बारातेरा हजार वर्षांपूर्वीं, तोही नाहींसा झाला. त्याला लांडग्याचा सख्खा भाऊ समजत. परंतु २०२१ सालीं त्याच्या हाडांतील अनुवंशद्रव्य तपासलें, तेव्हां त्याचा वंश सुमारें सत्तावन्न लक्ष वर्षांपूर्वींच वेगळा झाल्याचें दिसून आलें.

डायर वुल्फ नामशेष झाल्यावर त्याच्या नांवाचा वाद झाला. टास्मानियांतील थायलासिनच्या बाबतींत नांव आधीं आलें. हा प्राणी कांगारूप्रमाणें पिलें पोटाच्या पिशवींत वाढवी, आणि लांडग्याशीं त्याचें नातें जोडावयाचें तर सुमारें सोळा कोटि वर्षें मागें जावें लागतें. मात्र त्याचें डोकें व दांत लांडग्यासारखे दिसत. म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांनीं त्याला ‘टास्मानियन लांडगा’ म्हटलें. तो एकटादुकटा शिकार करी. कळप करून राहत नसे. तरीही मेंढ्या मेल्या कीं आळ त्याच्यावर येई, कारण लांडगा मेंढ्या मारतो हें सर्वांना आधींपासूनच ठाऊक होतें! सरकारनें १८८८ पासून १९०९ पर्यंत त्याला मारणाऱ्यास इनाम दिलें; असलीं २,१८४ इनामें दिल्याची नोंद आहे. १९३६ च्या जुलै महिन्याच्या १० तारखेस त्याला कायद्याचें संरक्षण मिळालें, आणि त्याच वर्षीं ७ सप्टेंबरला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयांत शेवटचा ज्ञात थायलासिन मेला. मध्यंतरीं अवघे एकुणसाठ दिवस गेले होते. पुढें २०११ सालीं त्याच्या कवटीचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यावरून त्याचा जबडा लहान भक्ष्यालाच योग्य होता, मेंढी पाडण्याजोगा नव्हता, असें दिसतें.

श्रोतेहो, फेन्रिसच्या लांडग्याला वाटेल तेवढा मोठा करण्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. तो कागदावर जन्मला आणि कागदावरच राहील. परंतु आपल्या माळावरचा वीस किलोग्रॅमचा लांडगा खरा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला संरक्षण दिलें आहे. तथापि त्याच्याविषयींची आपली समजूत अजून पुष्कळ अंशीं गोष्टींतल्याच लांडग्यावरून बनलेली असते. ‘लांडगा आला’ अशी हांक ऐकूं आली, म्हणजे काठी उचलण्यापूर्वीं आलेला प्राणी कोण आहे आणि त्यानें खरोखर काय केलें आहे, एवढें पाहण्याचें सौजन्य आपण दाखवावें. थायलासिनला तें कोणीं दाखविलें नाहीं.