मोटारीची शिकवणी : दिवस नव्हे, तास मोजा

मोटार शिकणाऱ्यानें दिवस न मोजतां स्टिअरिंगवरचे तास मोजावे. १९८९ च्या केंद्रीय मोटार-वाहन नियमांत खासगी मोटारीसाठीं किमान २१ दिवस व त्यांत प्रत्यक्ष हांकण्याचे १० तास सांगितले आहेत. दुसरा हांकीत असतां मागें बसून काढलेला वेळ त्यांत धरूं नये.

शिकवणीच्या गाडींत शिक्षकाच्या पायाशींही क्लच व ब्रेक असतात. गाडी बंद पडूं नये म्हणून तो ते हळूच दाबतो आणि विद्यार्थ्यास वाटतें, आपणांस आलें! क्लच सोडतांना इंजिनाचा आवाज जड होतो, तो क्षण स्वतःच्याच पायानें ओळखावयाचा असतो. म्हणून शिक्षकास स्पष्ट सांगावें, ‘आपला पाय संकटापुरताच राखा.’ मग चढावर थांबून, मागें न घसरतां पुन्हां निघण्याचा सराव मागून घ्यावा. गाडी चार वेळां बंद पडली तरी पडूं द्यावी.