काचेच्या धाग्यांची होडी

काच म्हटली की ती फुटणारच, अशी आपली समजूत असते. परंतु हीच काच केसाहून बारीक धाग्यांच्या रूपात ओढली, त्या धाग्यांचे कापड रेझीन नावाच्या राळेसारख्या चिकट द्रव्यात भिजविले आणि थरावर थर देऊन ते घट्ट होऊ दिले, म्हणजे लाटांचे तडाखे सोसणारी होडी तयार होते. अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात अशा होड्या बांधल्या जाऊ लागल्या. आज कोकणच्या किनाऱ्यावरही लाकडी होड्यांच्या शेजारी त्या विसावलेल्या दिसतात.

ही होडी कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही. म्हणून तिला म्हातारपणच नाही, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. तिचे दुखणे चकचकीत कातडीखाली लपलेले असते इतकेच. ही कातडी म्हणजे जेलकोट नावाचा रंगीत लेप. होडी वर्षानुवर्षे पाण्यात राहिली की त्यातून पाण्याचा अंश आत झिरपतो. आतील काही द्रव्ये त्यात विरघळतात आणि तो दाट द्राव बाहेरचे पाणी आणखी आत ओढू लागतो. सुकी मनुका पाण्यात फुगते, त्यातलाच हा प्रकार. मग तळावर फोड येतात. एखादा फोडला, तर आंबूस वासाचे पाणी बाहेर पडते.

म्हणूनच जाणता कारागीर रंगाकडे पाहून निर्णय देत नाही. तो लहानशा हातोडीने होडीचे सारे अंग ठोकून पाहतो. घट्ट भागातून खणखणीत आवाज येतो. जेथे थर सुटले असतील, तेथे तो बद्द येतो. इंजिन अडकविण्याच्या मागील बाजूकडे तर अधिकच लक्ष द्यावे लागते. पुष्कळ होड्यांत तेथे आत प्लायवूड असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजते, आणि बाहेरचे कवच मात्र धडधाकट दिसत राहते. भर समुद्रात ही बाजू इंजिनासकट निखळली, तर होडीतील माणसांवर कोणता प्रसंग ओढवेल!

दुरुस्तीत नवे घालण्यापेक्षा जुने काढण्यालाच अधिक वेळ लागतो. घट्ट थर लागेपर्यंत दुखावलेला भाग घासून काढतात, तो गोड्या पाण्याने धुतात आणि सुकू देतात. याला कित्येक आठवडे लागतात. ओल ओळखण्याची युक्ती सोपी आहे. प्लास्टिकच्या पातळ कागदाचा तुकडा चारही कडांनी चिकटवून उन्हात ठेवावा. त्याच्या आत दव जमले, तर ओल अद्याप आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असल्याने कामाला सवड मिळते, पण तेव्हाच हवा दमट! घाईने ओल्या अंगावर चढविलेला लेप फार दिवस टिकत नाही.

भोक पडले असेल, तर त्याच्या कडा उतरत्या घासतात. हा उतार जाडीच्या सुमारे बारापट रुंद असावा. म्हणजे जाडी ६ मिलिमीटर असेल, तर उतार ७२ मिलिमीटर. त्यामुळे प्रत्येक नव्या थराला जुन्या अंगावर टेकण्यास जागा मिळते. घासताना उडणारी काचेची धूळ अपायकारक असते, म्हणून नाकातोंडावर मुखवटा व डोळ्यांवर चष्मा हवाच.

पुढे रेझीनमध्ये ते घट्ट करणारे द्रव्य मोजून मिसळतात. या मिश्रणात उष्णता उत्पन्न होते, म्हणून एका वेळी थोडेच कालवितात. जुन्या अंगाला इपॉक्सी जातीचे रेझीन अधिक घट्ट धरते. महाग असले, तरी पाण्याखालील भागाला तेच वापरणे शहाणपणाचे. एकेक कापड भिजवून बसवायचे आणि रुळाने दाबून आतील हवा काढायची. थर घट्ट झाल्यावर तीच हातोडी पुन्हा ठिगळावरून फिरते. आवाज खणखणीत निघाला, म्हणजे मगच काचकागद आणि रंगाचा डबा पुढे येतो.